स्टेशनं पाच, गाणी दहा

मागच्या आठवड्यात कामासाठी शिवाजीनगर कोर्टात जायचं होतं. सासवडहून येऊन स्वारगेटला उतरलो आणि रिक्षा केली. रिक्षावाले काका साठीच्या घरातले. समोर जुना रेडिओ बसवलेला, त्याचं एक बटण गायब. मंडईच्या अलीकडे गाडी अडकली ती अडकलीच. एक हिंदी गाणं चालू होतं. ते संपलं, जाहिराती सुरू झाल्या. काकांनी स्टेशन बदललं. तिथे तेच गाणं, अर्ध्यावर आलेलं. पुन्हा बदललं. तिथे जाहिरात, आणि जाहिरातीनंतर तेच गाणं, पहिल्यापासून.

काका हसले. म्हणाले, "साहेब, स्टेशनं पाच, गाणी दहा. दिवसभर तीच फिरवतात."

मी म्हटलं, "मग काका, ऐकता कशाला? मोबाईल आहे की."

"मोबाईलवर लावलं की डेटा जातो. कॉल आला की गाणं बंद. आणि रेडिओवर कोणीतरी बोलतं तरी. आताशा तेही कमी झालंय म्हणा."

काकांची ही दोन-तीन वाक्यं डोक्यातून जाईनात, म्हणून आज हे सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

आधी माझं सांगतो. २००२ साली मी पत्रकारितेचा डिप्लोमा करायला पुण्यात आलो. नारायण पेठेत चौघांत एक खोली. एक लातूरचा, एक बार्शीचा, एक नगरचा आणि मी. खोलीत टीव्ही नव्हता. त्याच सुमारास पुण्यात रेडिओ मिरची सुरू झालं. आम्ही चौघांनी वर्गणी काढून तुळशीबागेतून एक छोटा रेडिओ आणला. तोवर रेडिओ म्हणजे आमच्यासाठी आकाशवाणी. शुद्ध, नीटनेटकी भाषा, आणि ती ऐकताना आपणही जरा नीट बसावं असं वाटायचं. इथे मात्र कट्ट्यावरच्या मित्रासारखं कोणीतरी बोलत होतं. लक्ष्मी रोडला ट्रॅफिक आहे म्हणत होतं, मेसच्या भाजीवर विनोद करत होतं. गावाकडून आलेल्या पोरांना हे शहर आपलं वाटायला लागलं त्यात त्या रेडिओचाही वाटा होता. हे उपकार मी विसरलेलो नाही. त्यामुळे खालची टीका शत्रूची नाही, जुन्या श्रोत्याची आहे.

आता थोडा इतिहास. पुण्याला रेडिओ शिकवावा अशी परिस्थिती कधीच नव्हती. आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. दोनच वर्षांत, १९५५ मध्ये, याच केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींचं संगीत, आठवड्याला एक नवं गाणं, असं करत ५६ गाणी. तेव्हा कुठला सर्व्हे झाला होता की लोकांना रामकथेवरची नवी गाणी दर आठवड्याला हवीत म्हणून? पुण्यात बसलेल्या काही माणसांनी ठरवलं, केलं, आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं.

बरं, रेडिओवर धंदा आला म्हणून वाटोळं झालं, असंही माझं म्हणणं नाही. सरकारी रेडिओवर जाहिराती सुरू झाल्या त्याच मुळी आपल्याकडून. १ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीची जाहिरात सेवा सुरू झाली ती मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. म्हणजे पुणेकर गेली ५८-५९ वर्षं रेडिओवर जाहिराती ऐकतायत. त्यांची तक्रार जाहिरातींबद्दल नाहीच.

मग तक्रार कशाबद्दल आहे?

खासगी एफएमच्या पहिल्या फेरीत सरकारने लिलावात मोठमोठ्या बोली लावून घेतल्या आणि परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत जाणार अशी अट घातली. कंपन्या बेजार झाल्या. मुंबईतलं विन ९४.६ हे स्टेशन तर २००५ मध्ये बंदच पडलं. तेव्हा सगळे म्हणायचे, शुल्कच एवढं आहे की कोण वेगळं काही करायला धजावणार? ज्या गाण्यावर जाहिरात मिळते तेच वाजवणार. पटण्यासारखं होतं.

२००५ नंतर दुसऱ्या टप्प्यात पद्धत बदलली. फुगत जाणारं शुल्क गेलं, त्याऐवजी उत्पन्नाच्या साधारण ४ टक्के द्या म्हटलं. मोठा दिलासा होता. नवी स्टेशनं आली. पुण्यात ९८.३ होतंच, जोडीला ९१.१, ९३.५, ९४.३ असे आकडे पाठ झाले. मग तिसऱ्या टप्प्यात, २०१५ च्या लिलावानंतर, एका कंपनीला एकाच शहरात एकाहून जास्त स्टेशनं चालवायचीही मुभा मिळाली, शहरातल्या एकूण स्टेशनांच्या ४० टक्क्यांपर्यंत. यामागचा विचार चांगला होता. एकाच मालकाची दोन दुकानं असतील तर तो दोन्हीकडे एकच माल कशाला ठेवेल? एकीकडे नवी गाणी लावेल, दुसरीकडे जुनी, मराठी, शास्त्रीय, लोकगीतं, काहीतरी वेगळं करेल.

झालं काय? दुसऱ्या दुकानात प्रेमाची हिंदी गाणी आली. कोणी म्हटलं आम्ही आता रेट्रो, कोणी म्हटलं आम्ही सुपरहिट. होर्डिंग बदललं, घोषवाक्य बदललं, माल हिंदी सिनेमाच्याच गोदामातला राहिला. स्टेशन चौकात वडापावच्या चार गाड्या लागतात तसं झालं. पाचवा आला तरी तो थालीपीठ नाही लावत, तोही वडापावच लावतो. कारण गिऱ्हाईक वडापावसाठीच थांबतं असं त्याला वाटतं. शेजारी वेगळं काही मिळालं असतं तर थांबलं असतं का, हे कोणी करून बघितलेलंच नसतं.

आता गाणी ठरतात कशी ते बघू. बहुतेकांना वाटतं आरजे स्वतःच्या आवडीची गाणी लावतो. तसं नसतं. मोठ्या कंपन्यांत गाण्यांची यादी संगीत विभाग बनवतो आणि त्याची सूत्रं बऱ्याचदा मुंबईच्या मुख्य ऑफिसातून हलतात. यादीतल्या गाण्यांचे गट असतात. एकदम नवी, चढती, गाजलेली, जुनी. कुठल्या गटातलं गाणं तासात किती वेळा यायचं हे ठरलेलं असतं आणि सॉफ्टवेअर ती गाणी ओळीने मांडतं. आरजे मधल्या मोकळ्या जागेत बोलतो. कुठली गाणी ठेवायची, कुठली काढायची यासाठी चाचणी घ्यायचीही पद्धत आहे. लोकांना गाण्याचा आठ-दहा सेकंदांचा ओळखीचा तुकडा ऐकवायचा आणि आवडलं का विचारायचं.

इथेच गोम आहे. आठ सेकंदांत आवडतं कोणतं गाणं? जे आधीच शंभर वेळा ऐकलंय ते. नवीन मुलाने भोरच्या किंवा मंचरच्या घरात बसून केलेलं गाणं या परीक्षेत पहिल्या फेरीतच नापास. गाणं वाजत नाही म्हणून ओळखीचं होत नाही, आणि ओळखीचं नाही म्हणून वाजत नाही.

"पण लोकांनाच हिंदी हवं असतं," हे उत्तर मी स्टेशनांत काम करणाऱ्या मित्रांकडून कैक वेळा ऐकलंय. मी विचारतो, पुण्याच्या लोकांना काय हवंय हे मोजलं कुणी? टीव्हीला टीआरपी असतो तसं रेडिओसाठी 'रॅम' नावाचं मोजमाप २००७ च्या सुमारास सुरू झालं. ते चार शहरांत. मुंबई, दिल्ली, बेंगळुरू, कोलकाता. त्यात पुणे नाही. कंपन्या आपापले सर्व्हे करत असतील, पण ते त्यांच्या कपाटात. म्हणजे पुणेकर काय ऐकतो हे दर आठवड्याला मोजून उघडपणे मांडणारं कोणी नाही, आणि पुणेकराला काय ऐकायचंय हे मात्र सगळ्यांना माहीत आहे!

२०१६ ला 'सैराट' आला. आठवून बघा. कुठल्या स्टेशनने तेव्हा ती गाणी वाजवली नाहीत? मराठी न कळणाऱ्यांच्या लग्नातही ती वाजली. तेव्हा भाषा आड आली नाही. गाणं आधी बाहेर गाजलं आणि मग रेडिओने ते उचललं. पूर्वी रेडिओ गाणी गाजवायचा. आता गाजलेली गाणी रेडिओ वाजवतो. आणि गाजलेलंच ऐकायचं तर मोबाईलवर ते फुकट आहे, हव्या त्या क्षणी आहे. मग तरुण पोरं रेडिओकडे का वळतील? म्हणजे जो मार्ग सुरक्षित म्हणून धरला तोच यांच्या मुळावर आलाय.

पैशाचं कारणही तपासून बघू. मराठी गाणं वाजवायला महाग पडतं का? २०१० साली कॉपीराइट बोर्डाने ठरवून दिलं होतं की स्टेशनने जाहिरातींच्या निव्वळ उत्पन्नाचे २ टक्के बाजूला काढायचे आणि ज्या कंपनीची जितकी गाणी वाजतील त्या प्रमाणात ते वाटायचे. पुढची दहा वर्षं हेच सूत्र चाललं. यात मराठी गाण्याला वेगळा दर नव्हता. हिंदीऐवजी मराठी लावलं म्हणून स्टेशनचा एक रुपयाही वाढत नव्हता. तरी लागलं नाही.

अधूनमधून राजकीय पक्ष यात उतरतात. निवेदन, इशारा, काचेच्या दारापुढे घोषणा, फोटो. चार दिवस मराठी गाणी जरा जास्त ऐकू येतात, मग येरे माझ्या मागल्या. मला या मार्गात रस नाही. एक तर धाक संपला की काम संपतं. दुसरं, या रस्त्याने प्रश्न फक्त 'मराठी विरुद्ध हिंदी' एवढाच उरतो. पुण्यात हिंदी ऐकणारे लाखो आहेत, त्यातले कितीतरी इथेच जन्मले. त्यांचं गाणं बंद करा असं मी म्हणणार नाही. आपल्या आरजेंचं निवेदन तर आजही बऱ्यापैकी मराठी असतं, गाणी हिंदी असतात. शंभर टक्के मराठी गाणी लावली आणि यादी, आवाज, वेळापत्रक सगळं दुसऱ्या शहरातून आलं, तर माझी तक्रार जशीच्या तशी राहील.

कारण माझी तक्रार २५ जुलै २०२४ ची आहे.

त्या पहाटेचं तुम्हाला सांगायला नको. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून सोडलेलं पाणी, आणि सिंहगड रोडला एकता नगरीत घरांत पाणी शिरलेलं. वेळेत सूचना मिळाली नाही ही तिथल्या रहिवाशांची तक्रार नंतर सगळ्या पेपरांत आली. मी त्या पहाटे बातमीसाठी सासवडहून निघालो होतो. दिवे घाट उतरताना गाडीत रेडिओ लावला. कुठले रस्ते चालू आहेत, कुठला पूल बंद आहे, कुठे पाणी आहे, एवढंच कळायला हवं होतं. एका स्टेशनवर (नाव घेत नाही, घ्यायचं कारणही नाही) प्रेमगीतं चालू होती. एकामागून एक, मध्ये कोणीही बोलत नव्हतं. आधी भरून ठेवलेली यादी मशीन वाजवत होतं. हडपसरपर्यंत मी ऐकत राहिलो. मधे एक आवाज आला, आनंदी सकाळच्या शुभेच्छा देऊन गेला. तोही आधीच भरलेला होता हे उघड होतं.

लोक म्हणतील, खासगी एफएमला बातम्या द्यायची परवानगी नाही. खरं आहे. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. पण तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात स्पष्ट लिहिलंय की वाहतूक, हवामान, पाणी-वीज अशा नागरी सुविधा, नैसर्गिक आपत्ती आणि आरोग्याच्या प्रशासनाने दिलेल्या सूचना, या 'बातम्या' धरल्या जाणार नाहीत. त्या देता येतात. कायदा आड येत नव्हता. सांगायला तिथे जागं माणूस नव्हतं, एवढंच.

पहाटे चारला वीज गेलेल्या सोसायटीत, मोबाईलची बॅटरी दहा टक्क्यांवर आलेली असताना, सेलवरचा किंवा गाडीतला रेडिओ हे अजूनही सगळ्यात भरवशाचं साधन आहे. त्यासाठी नेटवर्क लागत नाही, डेटा लागत नाही. ते साधन आपल्याकडे आहे आणि रात्री ते रिकाम्या घरात लावून ठेवलेल्या टेपरेकॉर्डरसारखं चालतं. स्टेशनचा फॉरमॅट बदलला, रात्रीचा आरजे कमी केला, अमुक कार्यक्रम चार शहरांत एकत्र लावला, या कंपनीच्या कागदावर खर्च वाचवायच्या गोष्टी असतील. शहराच्या बाजूने बघितलं तर तेवढा पहारा कमी झालेला असतो.

आणि हे सगळं ज्या लहरींवर चालतं त्या कुणाच्या? ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. म्हणजे ९८.३ असो की ९१.१, तो आकडा कंपनीला भाड्याने दिलेला आहे. घरमालक आपण. पण भाडेकरूने घरात काय बदललं हे घरमालकाला होर्डिंग बघून कळतं.

सरकारी रेडिओचा एक अनुभव सांगतो. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक बातम्यांचा विभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरकडे न्यायचा निर्णय झाला. पुण्यात गदारोळ उठला. श्रोते, पत्रकार, सगळ्या पक्षांचे लोक बोलले, आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. का? कारण दार कुठलं ठोठवायचं हे माहीत होतं. खासगी स्टेशनने उद्या पुण्याचा सगळा कार्यक्रम बंद करून बाहेरून लावला, तर तुम्ही-आम्ही कुणाकडे जाणार?

कंपन्यांची अडचण मला दिसत नाही असं नाही. जाहिराती मोबाईलकडे गेल्या. बिग एफएम चालवणारी कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. माझे ओळखीचे आरजे, साउंडवाले घरी बसलेत. त्यामुळे 'हे करा, ते करा, नाहीतर दंड' असं मी म्हणणार नाही. मला साध्या तीन गोष्टी सुचतात.

एक. प्रत्येक स्टेशनने दिवसाचे काही तास पुण्यात ठरवलेले, पुण्यातून थेट बोललेले ठेवावेत. पावसाळ्याच्या चार महिन्यांत रात्रीही एक माणूस स्टुडिओत जागा असावा. त्याच्या बदल्यात सरकारने त्या ४ टक्के शुल्कात सवलत द्यावी. काम करणाऱ्याला सूट, न करणाऱ्याला पूर्ण शुल्क. सरकारचं यात फार काही जात नाही.

दोन. महिन्यात कुठल्या भाषेतली किती गाणी वाजली, त्यात इथल्या कलाकारांची किती, थेट कार्यक्रम किती तास झाला, हे स्टेशनने वेबसाइटवर टाकावं. सगळा हिशोब सॉफ्टवेअरमध्ये असतोच, फक्त छापायचा. मग 'लोकांना हेच हवं' यावर आपल्याला आकडे समोर ठेवून भांडता येईल.

तीन. ट्रायने सप्टेंबर २०२३ मध्ये शिफारस केली आहे की खासगी एफएमला तासाला १० मिनिटांपर्यंत बातम्या देऊ द्याव्यात. ती मान्य करावी, पण त्या बातम्या त्याच शहरातल्या असाव्यात अशी अट घालून. यात माझ्यासारख्या पत्रकारांचा स्वार्थ आहे, चार पोरांना काम मिळेल. लपवत नाही. पण कात्रजच्या माणसाला कात्रजची बातमी मिळेल, हा त्याचाही स्वार्थच आहे.

हे आत्ता का लिहितोय? तर २०१५ नंतरचे परवाने १५ वर्षांचे आहेत. म्हणजे २०३० च्या आसपास पुन्हा कागद होणार, पुन्हा अटी लिहिल्या जाणार. शिवाय ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या २३४ नव्या शहरांत ७३० स्टेशनांच्या लिलावाला मंजुरी दिली. तेव्हा मातृभाषेतला स्थानिक आशय वाढेल असं सरकारच म्हणालं. छान. मग अटीत लिहा. पुण्यात जे झालं तेच उद्या लहान शहरांत होणार असेल, तर नवी स्टेशनं म्हणजे वडापावच्या आणखी ७३० गाड्या. कागद झाल्यावर ओरडून उपयोग नसतो, हे आम्ही गावाकडची माणसं सातबाऱ्याच्या अनुभवावरून शिकलोय.

आपल्या खासदारांना, आमदारांना भेटाल तेव्हा रस्ते-पाण्याबरोबर हेही एकदा विचारा. त्यांना नवल वाटेल, कारण रेडिओबद्दल त्यांना कुणी विचारत नाही.

त्या दिवशी कोर्टापाशी उतरलो. काकांनी तोवर काटा १०१ वर, विविध भारतीवर आणून ठेवला होता. पैसे देताना त्यांनी विचारलं, "तुम्ही पेपरवाले ना?" म्हटलं, हो.

"मग लिहा साहेब. गाणी काय लावायची ती लावा म्हणावं. पण मी रात्री दोनला स्टेशनवर भाड्याची वाट बघत बसलेला असतो. तेव्हा कोणीतरी खरं माणूस बोलायला ठेवा म्हणावं."

लिहिलंय काका.

तुमच्याकडे रात्री रेडिओ चालू असेल तर एकदा नीट कान देऊन ऐका, तिकडे कोणी आहे का ते. आणि मला सांगा.